चांगला पाय

जतच्या मैदानावर खो-खोच्या खांबाला वळसा घालताना सुकन्या वाघमोडेचा उजवा पाय मुरगळला, तेव्हा प्रशिक्षक खरमाटेबाईंनी सवयीनं घोटा तपासणारे यंत्राचे घोटामोजे मागवले. दोन्ही पायांत चढवायचे आणि मिनिटभर थांबायचं. चांगल्या घोट्याशी दुखऱ्या घोट्याची तुलना करून मोजे सांगत, की हाडांना बांधणारा अस्थिबंध ताणलाय, नस दबलीय की थेट हाडच मोडलंय. पूर्वी हे काम बाईंचा अंगठा करी. घोट्याच्या हाडाची मागची कड दाबायची, चार पावलं चालायला लावायचं. मुलगी कळवळली की सरळ दवाखाना. मोजे आले आणि अंगठ्याला सुट्टी मिळाली. बाईंना त्याचं काही वाटलंही नव्हतं.

मोज्यांना जोडलेल्या पडद्यावर अक्षरं उमटली : दोन्ही पायांत फरक किरकोळ. अस्थिबंध ताणलेला. हाड शाबूत.

"बाई, लई आत दुखतंय वो. पाय टेकवत न्हाई."

"मोज्यापेक्षा तुला जास्त कळतंय व्हय? उद्या राज्याची निवड हाय. पट्टी बांध घट्ट."

सुकन्यानं पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी ती तीन मिनिटं पळाली, कुणाच्या हाती लागली नाही. मग खाली बसली, ती चौघींनी उचलून नेईपर्यंत उठलीच नाही.

दोन महिन्यांनी मिरजेच्या डॉक्टरांनी बाईंना उजव्या घोट्याच्या स्कॅनचं चित्र दाखवलं. "घोट्याच्या आतलं हाड तेव्हाच मोडलं होतं. त्यावर ती पळाली. आता हाडाला रक्त पोचत नाही, ते मरत चाललंय. चालेल ती, पण पळणं विसरा."

"पण मोजे म्हणाले..."

"मोजे डाव्या पायाला निरोगी समजले, म्हणून फरक किरकोळ दिसला. तो आधी कधी दुखावला होता का? नोंद तर कुठंच नाही."

नोंद नव्हती, कारण बाईंनीच ती करू दिली नव्हती. दोन वर्षांपूर्वी सुकन्याचा डावा घोटा असाच सुजला होता. "कागदावर आलं की निवड समिती नाव खोडती. दात आवळ आणि पळ," त्या म्हणाल्या होत्या. त्यांच्या खो-खो मंडळात प्रत्येक मुलीला हेच सांगितलं जाई. बाईंनाही त्यांच्या बाईंनी हेच सांगितलं होतं. दवाखान्याच्या बाकावर सुकन्या सुटलेली पट्टी गुंडाळत बसली होती. तिनं बोल लावला असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटत राहिलं. पोरीचं पळणं आपण खाल्लं, हे त्यांना आता कुणी सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी त्या मैदानावर गेल्या. चौदा मुली रांगेत उभ्या होत्या.

"नोंदवही इसरा," बाई म्हणाल्या. "जिचा एक तरी घोटा कधीच दुखावला न्हाई, तिनं हात वर करा."

एकही हात वर गेला नाही.

मग इतकी वर्षं मोजे कुणाच्या पायाला चांगला पाय म्हणत होते?