नाग, पक्षी आणि मासा

"मी करणी करणारा नाही हो वहिनी, दगड बसवणारा आहे," पाथरवट म्हणाला आणि खुर्ची समोर असूनही पायरीवरच बसला.

वहिनी म्हणजे खाजगी तपासनीस. मदतीला धाकटा दीर. तो वहिनी म्हणे म्हणून अशिलांपासून फौजदारापर्यंत सगळेच वहिनी म्हणत. भावजी अंगाने आडवे, मनाने सरळ आणि डोक्याने जरा सावकाश.

पाथरवटाची हकीकत थोडक्यात अशी. नव्या प्रार्थनागृहाचं व्यासपीठ त्याने बांधलं होतं. उद्या सकाळी तिथे बुवांचं पहिलं गायन-प्रवचन. पुढच्या ओळीतले पाच चौकोनी दगड ताटाएवढे, अजून नुसते वाळूवर ठेवलेले. सांधे प्रवचनानंतर भरायचे होते. काल दुपारी त्याने किल्ली परत केली. आज सकाळी मधल्या तीन दगडांवर भलत्याच खुणा उमटलेल्या. समितीच्या प्रतीकशास्त्र्यांनी निदान केलं, ही करणी; आणि करणारा हाच.

"मला आत पाऊल टाकू देत नाहीत. संध्याकाळी व्यासपीठ फोडणार म्हणतात. मग मला कोण उंबऱ्याचा दगड तरी बसवू देईल?"

वहिनींनी चपला घातल्या.

प्रार्थनागृहाच्या बाजूच्या दारातच प्रतीकशास्त्री उभे होते. पुढे त्यांनी सुतळी बांधली होती. तिच्या अलीकडूनच त्यांनी सगळं उलगडून सांगितलं: खांब बारा का, पायऱ्या सात का, घुमटाचं भोक म्हणजे विश्वाचा नेत्र कसा. ते भोक हवेसाठी आहे, असं समितीचे अध्यक्ष दाढेवर हात दाबून पुटपुटले. हवा हेही प्रतीकच, असं शास्त्रीबुवांनी त्यांना ऐकवलं.

"आणि त्या खुणा?" वहिनींनी विचारलं.

"फणा काढलेला नाग, उडता पक्षी, आडवा मासा. पाताळ, आकाश आणि जल. गाणाऱ्याचा गळा बांधायची तजवीज आहे ही."

भावजींनी आपला गळा चाचपून पाहिला. वहिनी मात्र दगडांकडे बघत राहिल्या. कडेचे दोन आरशासारखे चकचकीत होते. मधले तीन खरबरीत.

मग एकेकाची चौकशी झाली. किल्ल्या तिघांकडे. काल दुपारी अध्यक्ष दाताच्या डॉक्टरकडे, तोंड उघडून दोन तास. शास्त्री परगावी व्याख्यानाला. बुवा इथेच, एकटे, सराव करत. पण गाताना डोळे मिटलेले असतात, त्यामुळे काही दिसलं नाही, असं ते म्हणाले. कोपराला पट्टी होती. चौकट लागली, म्हणाले.

बुवांच्या घरी काकूंनी चहा दिला आणि गाऱ्हाणं मांडलं. "माझं उलथनं कालपासून वाकडं झालंय, आणि त्याच्या टोकाच्या कडीत वाळू. विचारलं तर हे भजन गुणगुणतात."

भावजींना त्यात काही विशेष वाटलं नाही. वहिनींनी कप अर्धाच ठेवला आणि सगळ्यांना प्रार्थनागृहात बोलावलं. पाथरवटालाही.

वहिनी सुतळीखालून वाकून थेट व्यासपीठावर चढल्या. शास्त्र्यांनी डोळे मिटले.

"भावजी, इथे या. लोकांकडे तोंड करा. आता खाली बघून वाचा."

"नाग," भावजी म्हणाले.

"शाळेत गेला होतात ना?"

भावजींनी मान डावीकडे कलवली, मग सरळ केली. "दोन," ते हळूच म्हणाले, "तीन... चार. वहिनी, हे आकडे आहेत. इथपर्यंतचं गणित मला येतं."

"दाराकडून पाहिलं की ते आडवे दिसतात. पाथरवट दगडांच्या पोटाला आकडे घालतो, कुठला कुठे बसवायचा ते कळावं म्हणून. म्हणजे इथे कुणी काही कोरलं नाही. दगड उलटे केले. चकचकीत अंग खाली, खरबरीत वर. हे कुणाला हवं होतं? जो इथे अनवाणी उभा राहतो, पायाने ठेका धरतो आणि काल घसरून कोपरावर पडला, त्याला. दगड उचकटायला घरात उलथनं होतंच."

सगळ्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवांनी दगडांकडे.

"पडलो हे कळलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बुवांचं वय झालं, दुसरा बघा," ते म्हणाले. "याच्यावर बालंट येईल हे सुचलं नाही. आलं तेव्हा जीभ रेटेना. जन्मभर खरं बोला म्हणून गात आलो." त्यांनी पाथरवटापुढे हात जोडले. "देवाआधी तुझी क्षमा मागतो."

पाथरवटाने ते हात घाईने खाली केले. "अहो बुवा, एक शब्द बोलायचा. या गुळगुळीत अंगाला टाकी लावून खरबरीत करायला मला तास पुरे."

अध्यक्ष एका बाजूने तोंड उघडत म्हणाले की प्रवचन बुवांचंच होईल आणि पुढचं बांधकाम याचंच. काकूंना नवं उलथनंही समिती देईल.

पाथरवटाने तिन्ही दगड सुलटे केले, बुवांना हात धरून वर उभं केलं आणि खडूने त्यांच्या पावलांभोवती रेघा ओढल्या. तेवढ्याच जागेला टाकी लावायची होती.

शास्त्री सुतळी ओलांडून जवळ आले. बराच वेळ त्या दोन पावलांकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी वही काढली.

"यांचा अर्थ काय धरायचा?"

"बुवा इथे उभे राहतात," पाथरवट म्हणाला आणि छिन्नीवर पहिला घाव घातला.