मौनयादी

"ताई, यंत्राला माणूस इसरायला शिकवू नका," असं पार्टेमामा म्हणाले, तेव्हा केतकी घरतच्या एका कानाला फोन होता आणि दुसऱ्या कानात धोक्याचा भोंगा बोंबलत होता. सकाळपासूनचा आठवा.

"मामा, तुम्ही आधी चौथऱ्यावर उभे राहा बघू," ती करवादली. "तुमच्यानंतर सुटले मी."

केतकी सांभाळत होती त्या उरणजवळच्या गोदामात कंटेनर रिकामे करायला आता हमालांची टोळी लागत नसे. ट्रेलर आला की दारापुढच्या स्पंदनचौथऱ्यावर उभा राहायचा; तीस दारं, प्रत्येकापुढे एक. चौथरा नव्वद सेकंद ऐकायचा. आत जिवंत कुणी नाही अशी खात्री झाली की यांत्रिक हात बारा मिनिटांत सगळा माल उपसून काढायचे. पुन्हा नव्वद सेकंद ऐकणं, दार बंद, सील, आणि रिकामा कंटेनर मालगाडीकडे रवाना. याच कामाला पूर्वी अर्धा दिवस जाई.

"ऐकतो म्हणजे नक्की काय ऐकतो?" पहिल्याच दिवशी केतकीने डॉ. राजवाडकरांना विचारलं होतं. चौथरा त्यांच्याच डोक्यातून निघालेला.

"तुम्हाला लहान मूल आहे ना? पाळण्याच्या दोरीला नुसतं बोट लावलं तरी बाळ जागं आहे की झोपलंय, कळतं की नाही?"

"कळतं की."

"तसंच. हृदयाने रक्त फेकलं की सगळं अंग केसभर हलतं. ते हलणं पत्र्यातून, टायरांतून खाली उतरतं, ते चौथरा टिपतो. आणि प्रत्येकाच्या हृदयाची चाल वेगळी. सहीसारखी."

ऐकायला छान होतं. पण चौथऱ्याचे कान नको तेवढे तिखट निघाले. केबिनचा जिना कुणी धावत चढलं, की कंटेनरमध्ये माणूस आहे म्हणून भोंगा. भोंगा झाला की तीसच्या तीस दारं ठप्प आणि चाळीस मिनिटं हाताने तपासणी. बाहेर ट्रेलरची रांग हमरस्त्यापर्यंत, ड्रायव्हरांच्या शिव्या, वर साहेबांचा फोन, "मॅडम, आज काय सापडलं आत?" सापडतंय काय, कपाळ! भिंतीपलीकडच्या पाळणाघरात केतकीची अडीच वर्षांची सानू उड्या मारत असायची.

"डॉक्टर, तुमचं यंत्र माझ्या मुलीला माल समजतंय!" एक दिवस ती फोनवर कडाडली.

"उपाय आहे ना. मौनयादी. तुमच्या रोजच्या माणसांचे ठोके चौथऱ्याला शिकवून टाकू. ते कानावर आले की त्याने वजा करायचे."

"म्हणजे आम्ही त्याला ऐकूच येणार नाही?"

"त्रास होणार नाही, असं म्हणा."

मग एकेक जण चौथऱ्यावर उभा राहिला. सानूही, आईच्या कडेवरून. एकूण बेचाळीस हृदयं. शेवटचं पार्टेमामांचं.

मामा जावळीकडचे, माथाडी टोळीचे जुने मुकादम. टोळी गेली, मामांना देखरेखीला ठेवलं होतं. पण टोळीची रीत त्यांच्या अंगातून जाईना. रिकाम्या कंटेनरमध्ये एकाने शेवटी आत जायचं, यंत्राचा हात पोचत नाही ते कोपरे झाडायचे, निघालेले खिळे वेचायचे. "फुडल्याचा पाय फाटंल, ताई." आणि दार लागण्याआधी पत्र्यावर तळहाताच्या तीन थापा मारून हाक द्यायची, "हाय का कुणी आत?"

"मामा, यंत्राने ऐकलंय," केतकी हसून म्हणायची.

"ऐकतंय खरं. पर हाक मारतंय का?"

मौनयादी पुरी झाल्यावर एकोणीस दिवस भोंगा वाजला नाही. साहेबांनी पेढे वाटले. हृदयच ऐकू येतं तर दारावर कॅमेरे हवेत कशाला, म्हणून कॅमेरे काढून नेले.

विसाव्या दिवशी चार वाजता मामा केबिनमध्ये आले नाहीत. सानूसाठी चिक्की घेऊन रोज चारला येणारा माणूस. केतकी पोरीसाठी तासातासाला पाळणाघरात फोन करणारी, पण मामांची चौकशी करावी हे तिला पाचला सुचलं. त्यांचा फोन लॉकरमध्येच वाजत राहिला. कामाच्या जागी फोन न्यायला बंदी. कंटेनर झाडायचा त्यांचा झाडू खुंटीवर नव्हता. जेवणाच्या सुट्टीपासून एकोणतीस रिकामे कंटेनर सील होऊन गेले होते.

"डॉक्टर, यादीतून त्यांचं नाव काढा. आत्ताच्या आत्ता. पुढच्या डेपोतल्या चौथऱ्यांना तरी ऐकू येऊ दे."



"यादी आपण नुसतं म्हणतो, केतकीताई. ती शिकवण आहे. विसरवायला आठ दिवस लागतात. आणि सगळ्या चौथऱ्यांना एकच शिकवण जाते."

"म्हणजे मामांचा कंटेनर कुठेही पोचला तरी…"

"रिकामाच लागेल."

रेल्वेच्या माणसाने तर हातच जोडले. "मॅडम, यंत्र रिकामा म्हणतंय. तुमच्या झाडूवरून गाड्या कशा थांबवू?"

परका कुणी आत अडकला असता तर भोंगा वाजला असता, तो वाचला असता. चौथऱ्याला ऐकू न येणारी माणसं जगात बेचाळीसच होती, आणि ती सगळी केतकीच्या ओळखीची. त्यातलं एक तिचा पदर ओढत विचारत होतं, "मामा कुते?"

तिने सानूला उचलून छातीशी घट्ट धरलं आणि एका हाताने मजकूर लिहून मिळेल त्या डेपोला, ड्रायव्हरला, ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना पाठवून दिला:

"तुम्ही कोणीही असा. आज दुपारी उरणहून निघालेला रिकामा कंटेनर तुमच्या यार्डात, मालधक्क्यावर, रस्त्याकडेला उभा असेल तर यंत्राला विचारू नका, ते नाहीच म्हणेल. पत्र्यावर तळहाताने तीन थापा मारा. 'पार्टेमामा' अशी हाक द्या आणि कान लावून थांबा. मामा बासष्ट वर्षांचे आहेत, आत उकाडा आहे, उलट थाप द्यायला त्यांना वेळ लागेल. लगेच निघून जाऊ नका."