जागल

सबीहा दुपारी कृषी केंद्राच्या माडीवर चढली ती एक साधं काम उरकायला. मेहकरच्या बाजारात सामसूम होती. खाली शकूरचाचांच्या दुकानातून फवारणीच्या औषधांचा उग्र वास येत होता, वर तापलेला पत्रा मधूनच कुरकुरत होता. खोलीत दोन खुर्च्या. दुसरी जुनेदची, तिच्या थोरल्या भावाची. तो वारल्यापासून त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं.

बीटी कपाशीला अळी शिवत नाही, या भरवशावर गावं बसली आणि गुलाबी अळी बोंडं पोखरून गेली, त्या हंगामानंतर जुनेदने जावा या संगणकाच्या भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्याच्यामागे तो सबीहाच सांभाळत होती. गावातला एक माणूस सापळ्यात अडकलेले पतंग मोजून आकडा पाठवी. आकडा वाढला की गावभर मोबाइलवर संदेश जाई : डोमकळ्या, म्हणजे अळी लागून मिटलेली फुलं, तोडा, फवारणी करा.

सोनाळ्याला मात्र संदेश जात नव्हता. तिथले सापळे पाहणारे उकंडराव सकाळीच फोनवर तापले होते.

"बाई, सापळे भरून चालले आन् तुमचं यंत्र झोपून राह्यलं. आज लोकाइले कळलं नाही तं अळी बोंडात जाते. मंग फवारा नका मारू, आरती ओवाळा तिची."

सबीहाने लॅपटॉपवर तपासणीचं साधन लावलं. ते प्रोग्रॅम चालवत नसे. नुसता वाचून, कोणता भाग कोणाला वापरतो याचा नकाशा काढी. पडद्यावर बाणांचं जाळं पसरलं. कोपऱ्यात एक चौकट एकटीच उभी होती : 'जागल'. सगळे फोन एकदम वाजवून गावाला उठवणारा भाग. जुनेदने लिहून ठेवला, पण त्या चौकटीकडे एकही बाण जात नव्हता. साधनाने शेरा मारला होता : वापरात नाही, काढून टाका.

तेवढ्यात वीज गेली. पंखा गरगरत थांबला.

"सबू…"

आवाज पाठीमागून आला. खुर्ची करकरली. औषधांच्या वासावर चढून खसच्या अत्तराचा वास आला. तेच अत्तर, जे जुनेद दर शुक्रवारी लावी. अम्मी सांगायची, पहिल्या हाकेला ओ देऊ नये. जे आपलं नसतं, ते तिसरी हाक मारत नाही. सबीहाने ओ दिली नाही.

"सबू… नीचे देख…"

तिने मागे पाहिलं नाही. पडद्याकडे पाहिलं. नकाशा सरकून खाली आला होता. तिचा हात तर मांडीवर होता. नकाशाच्या तळाशी पिवळी खूण लुकलुकत होती : इथे अडचण पकडली जाते, पुढे काहीच केलं जात नाही.

आकड्याच्या जागी आकडा नसला की प्रोग्रॅम अडखळे, आणि खुणेपुढची ही रिकामी जागा ते अडखळणं मुकाट गिळून टाकी.

तिने फोन लावला. "काका, पतंग किती लिहिले?"

"ते का मोजता येतेत? इतके झाले म्हणून मी 'मोप' लिहिलं. परवापासून तेच लिहून राह्यलो. काऊन?"

पतंग मोजण्याजोगे होते तोवर यंत्र ऐकत होतं. मोजण्यापलीकडे गेले आणि ते बहिरं झालं.

तिने त्या रिकाम्या जागेत एकच ओळ लिहिली : आकडा कळला नाही, तर जागल. ओळ जतन केली. गावांना संदेश धाडणाऱ्या सर्व्हरवर चढवणार तोच जुनी बॅटरी संपली आणि पडदा काळा पडला. वीज कधी येईल याचा भरवसा नव्हता. ती काळ्या पडद्यासमोर मुठी वळून बसून राहिली.

फोन वाजला. पलीकडे गलका होता.

"आला बाई, आला. साऱ्या गावाचे फोन एकदमच बोंबलून राह्यले. बाया डोमकळ्या तोडाले वावरात निघाल्या बी. शेजारची झुंबरबाई तं जेवणावरून उठली. आता बोंड हातचं जात नाही."

"पण काका, मी तर अजून…"

"जुनेदभाऊचं काम पक्कं हाय. मी म्हणतच होतो."

त्या हंगामात सोनाळ्याचा कापूस फुटला तो पांढराशुभ्र. उकंडराव स्वतः मेहकरला आले आणि ओंजळभर बोंडं जुनेदच्या खुर्चीवर ठेवून गेले.

पण त्या दुपारी वीज आली तेव्हा सबीहाने नकाशा पुन्हा काढला होता. 'जागल'कडे आता दोन बाण जात होते. एक तिच्या ओळीपासून, जी अजून लॅपटॉपबाहेर गेलीच नव्हती. दुसरा नकाशाच्या कडेबाहेरून येत होता, आणि तो जिथून निघाला तिथे कुठलंच नाव नव्हतं.

मागे खुर्ची करकरली.

"सबू…"

ही तिसरी. सबीहाने डोळे पुसले आणि ओ दिली.