आवाज शून्यावर होता

ही गोष्ट मी रंगवून सांगणार नाही. तशी गरजच नाही. ज्याच्या घरी ती घडली तो माझा सख्खा मामेभाऊ आहे, आणि तो थट्टेतसुद्धा खोटं बोलत नाही. शिवाय ती डिस्क मी स्वतः ऐकली आहे.

एकदाच. पुन्हा ऐकायची माझी छाती नाही.

रात्रबित्र नव्हती हो. भरदुपार होती. तिसऱ्या मजल्यावरचं घर, समोरच्या खोलीत लख्ख ऊन. खाली रस्त्यावर कुणीतरी पाइप लावून गाडी धूत होतं. अशा वेळी कुणाला कसली भीती वाटणार?

माझ्या या दादाला वायरींचा नाद पहिल्यापासून. लग्नाआधीच त्याने होम थिएटर घेतलं होतं. त्याचा रिसीव्हर, म्हणजे तो जाडजूड काळा डबा, टीव्हीखाली ऐसपैस बसलेला असायचा. घरातल्या प्रत्येक यंत्राची वायर त्याच्या पाठीत खुपसलेली. वहिनी त्याला आपली सवत म्हणायची. "त्या बयेला झोपव आणि जेवायला ये," असं रोजचं चालायचं.

मुलगी झाली आणि त्याच आठवड्यात वहिनी गेली.

पोरीला समोरचे दोन दात आले तेव्हा दादा तिला खारू म्हणायला लागला. खारीसारखी सगळं कुरतडायची म्हणून. वहिनीला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. हे लक्षात असू द्या.

खारू शाळेत जायला लागली आणि एक दिवस तिने विचारलं, "बाबा, आईचा आवाज कसा होता?"

दादाला सांगता येईना. कुणालाच आलं नसतं.

घरात एकच टेप होती. खारू पोटात असताना वहिनी सोफ्यावर बसून तिला गोष्ट सांगत होती, ती दादाने कॅमेऱ्यावर घेतलेली. पण टेपला बुरशी लागली होती. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याने स्वच्छ सांगितलं, "एकदा चालेल. दुसऱ्यांदा चालेल असं मी सांगत नाही." म्हणजे जे काय करायचं ते एका दमात करायला हवं होतं. येत्या वाढदिवसाला खारूला आईचा आवाज ऐकवायचा, हे दादाने मनाशी पक्कं केलं.

त्या दुपारी खारू शाळेत होती. मामी, म्हणजे दादाची आई, स्वयंपाकघरात होती. दादाने कॅमेऱ्याची वायर रिसीव्हरला जोडली, रिसीव्हरची डीव्हीडी रेकॉर्डरला. टेपवरचं चित्र आणि आवाज रिसीव्हरमधून जाऊन डिस्कवर उतरणार होते. रेकॉर्डरचा लाल दिवा लागला.

मग त्याने रिसीव्हरचा आवाज पार शून्यावर नेला.

तिचा आवाज ऐकणं त्याला सोसणार नव्हतं.

त्याने रेकॉर्डिंगचं काही बिघडत नाही. स्पीकर गप्प असले तरी डिस्कवर आवाज पुरता उतरतो. दादाला हे पाठ होतं.

पडद्यावर वहिनी आली. तिचे ओठ हलायला लागले. दादा हाताची घडी घालून बघत राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलंही नाही.

तेवढ्यात मागे...

कुणीतरी पुटपुटलं.

सोफ्यामागच्या कोपऱ्यात एक स्पीकर होता. दादा उठला, त्याला कान लावला. काही नाही. जाळीवर हात ठेवला...

जाळी थरथरत होती.

स्वयंपाकघरातून मामीचा आवाज आला. "कोण आलंय रे? चहा टाकू का?"

"कुणी नाही गं."

"मग ही बाई कोण बोलतेय?"

दादा परत येऊन बसला. टेप थांबवायची सोय नव्हती. थांबवली असती तर ती पुन्हा चालली नसती.

खाली शाळेच्या गाडीचा हॉर्न वाजला. जिन्यात पावलं वाजली. दार ढकलून खारू आत आली. "बाबा, मी आले."

आणि पडद्यावर...

वहिनीने मान वळवली.

दाराकडे.

ते चित्रण घेताना असं काहीच झालं नव्हतं. दादाला चांगलं आठवत होतं, कॅमेरा त्याच्याच हातात होता. आता वहिनी दाराकडे बघून हसली. काहीतरी बोलली. मग खर्रकन आवाज करून कॅमेऱ्याने टेप गिळली आणि पडदा निळा झाला. झाकण उघडलं तर टेपचा नुसता गुंतवळ बाहेर आला.

आता उरली ती फक्त डिस्क.

दुसऱ्या दिवशी खारू शाळेत गेल्यावर त्याने ती लावली. या वेळी आवाज ठेवून. गोष्ट छान उतरली होती. वहिनीचा तो किंचित बसका आवाज, मध्येच स्वतःशी हसणं. दादा हुंदके देऊन रडला.

मग शेवट आला. डिस्कवर दार वाजलं.

"बाबा, मी आले."

त्या खोलीत माईक नव्हता. टेप चालू असताना कॅमेऱ्यात बाहेरचा आवाज जात नाही. रिसीव्हरमध्ये तर नाहीच नाही.

आणि त्यामागोमाग वहिनी...

"खारू, आधी बूट काढ."

मी ऐकलं ते हेच.

तेवढा भाग खारूला ऐकवायचा नाही, हे ठरलं. पण डिस्कच लपवून ठेवणं दादाच्या जिवावर आलं. तिच्या आईचा आवाज जगात तेवढाच उरला होता. वाढदिवसाच्या सकाळी त्याने खारूला सोफ्यावर बसवलं आणि रिमोट घट्ट धरून बसला. खारूने गोष्ट ऐकली. हसली, लाजली. दार वाजायच्या आधीच दादाने डिस्क थांबवली. वर आवाजही शून्यावर नेला.

खारू जागची हलली नाही.

तिने हळूच वळून मागच्या कोपऱ्यात बघितलं. थोडा वेळ नुसती ऐकत राहिली. मग...

"हो," ती म्हणाली.

"कोणाला हो म्हणतेस?"

"आईला. येतेस का म्हणाली."

दादाने तिला जवळ ओढलं. "कुठे? कधी?"

"ते नाही सांगितलं. नंतर सांगते म्हणाली."

या गोष्टीला बरेच दिवस झाले. खारू ठणठणीत आहे. शाळेत जाते, मैत्रिणींशी भांडते, मामीच्या नाकी नऊ आणते. दादा मात्र अर्धा झालाय. मी त्याला कितीदा सांगितलं, दे तो डबा भंगारात. परवा पुन्हा सांगितलं. तर तो म्हणाला,

"भंगारात दिला आणि तिने कुठे, कधी ते सांगितलं, तर मला कळणार कसं?"

रोज दुपारी तो समोरच्या खोलीत बसतो. रिसीव्हर चालू, टेप नाही, आवाज शून्यावर. रेकॉर्डरमध्ये नवी डिस्क. संध्याकाळी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. अजून तरी ती रिकामीच निघते.

फोनवर त्याचा नंबर दिसला की पहिली रिंग मी तशीच जाऊ देते. लगेच उचलायचा धीर होत नाही.