एकोणीस एप्रिलचा वाचक

"मी फोन केलेला नाही," अहिल्याबाईंनी चौथ्यांदा सांगितलं, "आणि पाचव्यांदा सांगणार नाही."

समोर बसलेल्या चैतन्यने चहाचा कप खाली ठेवला. तो दिल्लीच्या मराठी मंडळाचा सचिव, चाळिशीचा, गुडगावच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. काकू, नंबर तुमच्या लँडलाइनचाच आहे, हे त्याचं पालुपद. सोमवारी पद्माकरांच्या रेवतीला फोन आला, मंगळवारी राजाभाऊंच्या घरी, काल विश्वासरावांच्या सुनेला. रोज दुपारी सव्वातीनला. आवाज घोगरा, धाप लागलेला, बाईचा की पुरुषाचा तेही कळू नये असा. पद्माकर आहेत का... राजाभाऊ आहेत का... तिघेही एकवीस सालच्या त्या एप्रिल-मेमध्ये गेलेले. रेवती दिवसभर जेवली नव्हती.

त्याला काय म्हणायचंय ते अहिल्याबाई ओळखून होत्या. म्हातारीचं डोकं चालेनासं झालंय. त्यात पानिपतच्या काला अंब स्मारकाला जाणाऱ्या बसची यादी काढायला त्यांच्या कॉम्प्युटरने या वेळी चार मिनिटं घेतली, तेव्हा कमिटीने ठरवूनच टाकलं. यादी काकूंकडून काढून गुडगावला न्यायची. आजच.

ती यादी म्हणजे दिल्लीतली हजारभर मराठी घरं. मॅट्रिक झालेल्या या बाईने पन्नाशी उलटल्यावर, मांडीवर शब्दकोश घेऊन, कुणाच्या बापाला न विचारता डेटाबेस शिकून ती उभी केली होती. बदलीवर कोण आलं, निवृत्त होऊन पुण्याला कोण परतलं, कोण गेलं. गेलेल्या माणसापुढे त्याच दिवशी तशी नोंद व्हायची. खोटी ओळ तिथे एक दिवससुद्धा राहायची नाही. शशिकांतरावांची बातमी हॉस्पिटलातून आली, त्या संध्याकाळी नवऱ्याच्या नावापुढेही त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. तेव्हापासून दिल्लीतल्या द्वारकेच्या या फ्लॅटमध्ये त्या एकट्या. दिवसाकाठी माणसांची नावं डोळ्यांखालून जायची, ती तेवढ्या यादीतलीच.

"तुमची शोधाची क्वेरी अख्खा तक्ता चाळत असणार," चैतन्य समजुतीने म्हणाला. "इंडेक्स नसेल लावलेला, पुस्तकामागच्या सूचीसारखा."

"मला इंडेक्स शिकवू नकोस. इकडे ये आणि बघ."

त्यांनी मशीनलाच विचारलं, हे काम तू कसं करतंस. उत्तर पडद्यावर आलं: इंडेक्स धरूनच. चैतन्यने खुर्ची जवळ ओढली. मग त्यांनी डेटाबेसचं फोल्डर उघडलं, आणि आतल्या फाइलींचे आकार दोनदा वाचले.

बाहेर भरदुपारी धुकं उतरलं होतं. समोरची इमारत केव्हाच पुसली गेली होती. हीटरची तार बारीक आवाज करत होती, आणि त्या जळक्या वासात दुसरा एक वास मिसळत होता. ओळखीचा. कसला, ते त्यांना आठवेना.

हा डेटाबेस म्हणजे दोन वह्या धरून चाला. नवं काही लिहिलं की ते आधी कच्च्या वहीत जातं, मग सवडीने पक्क्या वहीत उतरतं. पण कुणी पक्की वही वाचत बसलं असेल, तर ती त्याच्या हातातून ओढायची नाही, असा नियम आहे. तो उठेपर्यंत सगळं कच्च्या वहीत साचत राहतं. आणि वाचणाऱ्याला, तो वाचायला बसला त्या क्षणीचंच जग दिसत राहतं.

कच्ची वही पक्कीच्या वीसपट झाली होती. मशीन अडखळत होतं ते त्यामुळे. पक्क्या वहीवर शेवटचा हात पडल्याची तारीख होती १९ एप्रिल २०२१, दुपारी ३:१०.

"कुणीतरी वाचतंय," चैतन्य हळूच म्हणाला. "मशीन बंद करून चालू करा... वाचणारा उठेल."

"पाच वर्षं रोज बंद करते रे."

त्या दुपारी शशिकांतराव याच खुर्चीत बसले होते. एका हातात हुंगायला घेतलेली कापूर-ओव्याची पुरचुंडी, दुसऱ्या हातात लँडलाइनचा रिसीव्हर. लक्ष्मीबाई नगरच्या त्यांच्या जुन्या ब्लॉकमधल्या चौघांची नावं पडद्यावर काढून, एकेकाला विचारायचं होतं, बरे आहात ना. एकही फोन लागायच्या आत धाप वाढली, ॲम्ब्युलन्स आली.

अहिल्याबाईंनी तीच क्वेरी पुन्हा चालवली. पद्माकर. राजाभाऊ. विश्वास. शशिकांत.

चौथं नाव त्याच ब्लॉकमधलं म्हणून आपोआप आलेलं, आणि त्यापुढे अहिल्याबाईंचा स्वतःचा मोबाइल नंबर होता.

चैतन्यने ते वाचलं, आणि त्याची बोटं आपसूक कीबोर्डकडे गेली. काकू, नवी प्रत काढून घेऊ, जुनी फाइल पुसून टाकू, मिनिटाचं काम आहे. तो भराभर बोलत होता. त्यांनी त्याला अडवलं नाही. त्यांना तो वास आठवला होता. कापूर आणि ओवा.

प्रत निघाली. पुसायच्या बटणावर त्याचं बोट टेकलं, आणि टेबलावरचा मोबाइल वाजला. पडद्यावर नाव होतं, 'घर'.

लँडलाइन आतल्या खोलीत होती. खोलीला बाहेरून कडी होती. दोघांनीही कडीकडे पाहिलं.

अहिल्याबाईंनी फोन उचलला आणि स्पीकर लावला. आपल्याला काही लपवायचं नाही, हे त्याला दिसायला हवं होतं. आधी नुसता श्वास ऐकू आला. ओढून घेतलेला, अर्ध्यावर अडकणारा.

"शशिकांत... आहेत का..."

चैतन्यचे ओठ पांढरे पडले होते. "खरं सांगून टाका काकू," तो कुजबुजला. "सांगितलंत की उठतील ते..."

खरं काय ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं. फक्त कच्च्या वहीत. पलीकडचा श्वास वाट पाहत होता, आणि पाच वर्षांत या घरात कुणी कुणाची वाट पाहिली नव्हती.

चैतन्यने बटणावरचं बोट काढून घेतलं, आणि यादीचा विषय त्याने पुन्हा कधी काढला नाही, तो अहिल्याबाई त्यानंतर जे बोलल्या त्यामुळे. फोन तोंडाजवळ धरून, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशा त्या म्हणाल्या,

"आहेत, घरीच आहेत, तुम्ही सावकाश वाचा."