मागची जागा

शनिवारची दुपार होती, ऊन रणरणत होतं, आणि ठिणगीला एक जुनी मोटरसायकल घ्यायची होती. यात घाबरण्यासारखं काय आहे? काहीच नाही.

ठिणगी हे घरातलं नाव. ते का पडलं हे मामाला विचारावं. बावीस वर्षांत तिने कुणाचं एक ऐकून घेतलं असेल तर शपथ! सोमवारपासून तिची नोकरी सुरू होणार होती. पहाटे घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि वेळेत लॅबमध्ये पोचवायचे. अट एकच, गाडी स्वतःची हवी. गाडी नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर पुन्हा मामाच्या स्कूटरवर मागे बसून, त्याची बडबड ऐकत जन्म काढायचा. मागे बसण्याचा तिला मनस्वी वीट आला होता.

गाडी विकणारे आजोबा निवृत्त घड्याळजी होते. गावाबाहेरच्या रस्त्याला त्यांचं बसकं घर, लोखंडी फाटक, फाटकापाशी एक दगडी पायरी. निळी मोटरसायकल शेडखाली लख्ख पुसून ठेवलेली होती. मामा गुडघ्यावर बसला, चेन ओढून पाहिली, टायरवर नख मारलं, इंजिनाला कान लावला.

"अपघात-बिपघात?"

"गाडीवर ओरखडा दिसतोय का कुठे?" आजोबा म्हणाले.

दिसत नव्हता. मात्र मागचं डावं फुटरेस्ट झिजून गुळगुळीत झालं होतं आणि उजवं अगदी कोरं होतं. कुणीतरी वर्षानुवर्षं एका बाजूला पाय टाकून बसत आलं होतं. शिवाय आरसा एकच होता, उजवा, आणि तोही आत वळलेला. त्यात मागचा रस्ता दिसेना. मागे बसलेल्याचा चेहरा तेवढा दिसावा, असा तो लावलेला होता. ठिणगीने तो फिरवायला जोर केला, पण नट गंजून गच्च बसला होता.

"घरी पान्याने सोडवू," मामा म्हणाला. "आणि हे बघ, क्लच एकदम सोडू नकोस, पुढचा ब्रेक..."

"मामा, क्लास मी केलाय की तू?"

"फी मी भरली होती."

मामा कागदपत्रं बघायला घरात गेला. ठिणगीने ते उघडं डावं फुटरेस्ट बुटाने आत ढकललं. खट् आवाज झाला, तसे आजोबा दचकले.

"असू दे ना ते उघडं…"

"मला मागे कुणी बसवायचं नाहीये, आजोबा."

त्यांनी मागच्या सीटवर तळवा टेकवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "निघताना एक करत जा, पोरी. विचारायचं, बसलीस का? आणि थांबायचं. मागची स्प्रिंग दबते. कळतं. पोचल्यावरही तसंच. आधी तिला उतरू द्यायचं, स्प्रिंग वर आली की मग आपण उतरायचं."

"तिला म्हणजे?"

"मी विचारलं नव्हतं." आजोबांची बोटं हँडलवर चुळबुळत होती. "बायको नुकती नाहून आली होती, केस ओले होते. मला घाई. तिने एक पाय टेकला असेल नसेल, मी क्लच सोडला… ती त्या पायरीवर पडली. डोक्यावर. तिथेच गेली. मला पत्ताच नाही. बाजारापर्यंत मी बोलत गेलो…"

"मागे कुणी नसताना?"

"तेच तर," आजोबा म्हणाले. "ती उत्तरं देत होती."

ठिणगीच्या हातावर काटा आला, आणि काटा आला म्हणून तिला रागही आला. म्हाताऱ्या माणसांना स्वतःची चूक बोचते, मग ती तिच्याभोवती नियम विणतात आणि पुढच्यांच्या गळ्यात घालतात. बिचारे, असं म्हणून तिने विषय संपवला. मामा बाहेर आला तेव्हा तिने हेल्मेट चढवलेलं होतं.

"मी स्कूटरवर मागून येतो," मामा म्हणाला. "मला सोडून पळू नकोस."

तिने काहीही विचारलं नाही. क्लच सोडला आणि फाटकातून निघाली.

गाडी काय सुरेख चालत होती! क्लासच्या गाडीवर वळणावर तिचा जीव मुठीत असायचा. इथे ती कलली की गाडी अलगद कलायची, जणू तोल सांभाळायला जोडीला कुणी आहे. फक्त मागून जरा जड वाटत होती.

"हळू…"

आला मामा मागोमाग. हेल्मेटमध्ये आवाज घोगरा, दबका येत होता, पण उपदेश ओळखीचा होता. तिने मागे वळून पाहिलं नाही. नव्या माणसाने रस्त्यावरून नजर काढायची नसते, आणि त्या आत वळलेल्या आरशात तिला फक्त स्वतःचाच खांदा दिसत होता.

"खड्डा…"

"दिसतोय मला!"

"हं."

पुढच्या चौकात सिग्नल होता, तिथे गाडी बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. "न्यूट्रल," आवाज म्हणाला. "घाई नको…" तिने न्यूट्रल टाकला आणि गाडी सुरू झाली. मामाने एकदाही टोमणा मारला नाही, हे तिला तेव्हा खटकायला हवं होतं. हेल्मेटमध्ये ओल्या केसांचा वास येत होता. आपल्याच घामाचा असेल, असं ती मनाशी म्हणाली.

घराच्या अंगणात तिने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. पोचले! एकटी, स्वतःच्या गाडीवर! सोमवारची काळजी मिटली. तेवढ्यात फोन वाजला. हेल्मेट न काढताच तिने तो स्पीकरवर घेतला.

"अगं ठिणगे, पोचलीस ना धड? मी अजून इथेच, आजोबांच्या दारात. तू निघालीस आणि माझी स्कूटर जी रुसली ती चालूच होईना."

"मामा… तू माझ्या मागे होतास ना?"

"कुठला मागे! आता तूच ये मला न्यायला. चल, आज मामा भाचीच्या मागे बसणार."

हे वाक्य ऐकण्यासाठी तिने किती वर्षं वाट पाहिली होती. आणि आता तिची नजर हळूहळू खाली जात होती. डावं फुटरेस्ट उघडं होतं. मागची स्प्रिंग पार दबलेली होती.

"मामा, तू… तू बसने ये."

"का गं? मागची जागा कुणी अडवलीय का?" मामा हसला.

"हं," कानाशी कुणीतरी म्हणालं.

"हं काय, हं? बरं बाई, येतो बसने," मामा म्हणाला आणि फोन बंद झाला.

ठिणगीने दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले. आधी तिला उतरू द्यायचं, मग आपण. आयुष्यात पहिल्यांदा ती एका म्हाताऱ्या माणसाचं मुकाट्याने ऐकत होती. ऊन भिंतीवरून सरकून कौलांवर गेलं. रस्त्यावरून दोन बसगाड्या येऊन गेल्या. ती तशीच बसून होती, आणि स्प्रिंग अजून वर आली नव्हती.