टँकरच्या झाकणाशी

"तक्रार तूच केलीस ना, दादा? बोल!"

धाकट्याने पेट्रोल डेपोचा रद्द झालेला गेटपास ताटाशेजारी आपटला, आणि थोरल्याचा घास हातातच राहिला...

होय, त्यानेच केली होती! आईच्या माघारी ज्याला अंगाखांद्यावर वाढवलं, त्याच भावाविरुद्ध त्याने सुपरवायझरला सांगितलं होतं, की हा मास्क न लावता टँकरचं झाकण उघडतो, तोंड आत घालून पेट्रोल कुठवर आलं ते बघतो, याला गाडीवर ठेवू नका.

"माझ्या पोटावर पाय दिलास! वीस वर्षं तूही झाकणात असंच डोकावत आलास की!"

वीस वर्षं... थोरल्याने दंडावरची बाही खाली ओढली. महिन्यापूर्वी हिरड्यांतून आलेलं रक्त थांबेना, मार न लागताच दंडावर काळेनिळे डाग उठले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून पहिला प्रश्न विचारला होता, "काम काय करता?" पेट्रोलच्या वाफेतलं बेंझिन वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिलं तर शरीरात रक्त तयार होणंच मंदावू शकतं, असं त्या सांगत होत्या, अन् त्याच्या डोळ्यांपुढे झाकणावर वाकलेला धाकटाच दिसत होता!

पण हे धाकट्याला सांगायचं कसं? "तू घरी बस, मी दुप्पट खेपा मारतो," म्हणत तो त्याच वाफेत शिरला असता. त्यापेक्षा त्याने वैरी म्हटलेलं परवडलं!

"हो, मीच केली," एवढंच तो बोलला. धाकटा घर सोडून गेला.

पुढचे पंधरा दिवस फोन वाजला की थोरला धावत जाऊन उचली... आणि एका दुपारी, त्याला रक्त चढत असताना, वॉर्डाच्या दारात धाकटा उभा दिसला. डोळे लाल.

"वहिनीने तू घातलेली शपथ मोडून सगळं सांगितलं... दादा, मला का नाही बोललास रे?"

"कुठं काम करतोस?" थोरल्याने घाबरून विचारलं.

"दुसऱ्या टँकरवर." तो पायाशी कोसळला. "दादा, हल्ली माझंही डोकं गरगरतं... मला भीती वाटते!"

थोरल्याच्या मनात आलं, आपल्या त्यागाला उशीर तर झाला नाही? सुई टोचलेल्या हातानेच त्याने भावाला जवळ ओढलं, नर्सला हाका मारून त्याचं रक्त तपासायला लावलं. त्या संध्याकाळपर्यंतचा एकेक क्षण त्याने जीव मुठीत धरून काढला.

"रक्त ठीक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण त्या वाफेपासून आता लांब राहा."

दोघे भाऊ गळ्यात पडून लहान मुलांसारखे रडले! थोरल्याच्या स्वतःच्या रक्ताचं काय होणार, हे मात्र कुणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं...

दुसऱ्या दिवशी बाहेर गलका ऐकून तो उठून बसला. धाकट्याने डेपोतले आठ ड्रायव्हर रक्त तपासून घ्यायला ओढून आणले होते. बाह्या सरसावून, चेहरे पाडून सगळे रांगेत उभे. कुणाच्या बापाला न भिणारा सर्वांत जुना ड्रायव्हर पुढे होता आणि नर्सला हळूच विचारत होता, "बाई, सुई फार दुखते का हो?"